पाच मिलिमीटर

८ जुलै, मंगळवार
गिरगाव, तिसरा मजला. यामाहा यू-१, जपानहून सेकंडहँड आलेला. मुलीची ग्रेडची परीक्षा तोंडावर आणि खालच्या आजोबांची दुपारची झोप. वहिनी म्हणाल्या, "काका, आवाज बंद होऊ दे, पण पियानो आहे तसाच राहू दे." हो म्हणालो. म्हणायला नको होतं.
८८ पट्ट्या काढल्या. खाली दोन हेअरपिनी आणि येनचं एक नाणं.

९ जुलै
पावसाने फेल्ट फुगलंय, सात पट्ट्या अडकत होत्या. चिमट्याने मोकळ्या केल्या. मग पट्ट्यांखाली सेन्सरचा पट्टा बसवला. पट्टी किती वेगाने खाली गेली ते तो प्रकाशाने ओळखतो आणि त्याला जोडलेला डबा तेवढाच मोठा सूर हेडफोनमध्ये सोडतो. मधल्या पेडलचा फेल्टचा पडदा काढून तिथे आडवी दांडी लावली. ती पुढे आली की हॅमरची काठी तिच्यावर आपटते, डोकं तारेला शिवत नाही.

१० जुलै
आजचं काम नको वाटणारं. हॅमर तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर सुटला पाहिजे, हे जुळवण्यात माझी तीस वर्षं गेली. अगदी हळू वाजवताना बोटाला जो ताबा मिळतो तो त्यातूनच. पण दांडी मध्ये आली की तेवढ्यात भागत नाही, हॅमर सुटायच्या आधीच दांडीला अडकतो. म्हणून ८८ स्क्रू फिरवून पाचावर आणले. दांडी मागे असली तरी हे अंतर पाचच राहणार. वहिनींना स्पष्ट सांगितलं: हळू वाजवणं थोडं अवघड जाईल. त्यांनी मान डोलावली. मुलीने वाजवून पाहिलं आणि काहीच बोलली नाही. तिला कळलं होतं.

११ जुलै
काम नाही, नुसता पाऊस. असा आवाज बंद करता येणारा सायलेंट पियानो यामाहाने काढला १९९३ मध्ये. त्याच्या बऱ्याच आधी, १९७४ साली, हिरात्सुकात पियानोच्या आवाजावरून शेजाऱ्याने आई आणि तिच्या दोन मुलींचा जीव घेतला होता. आमचे आजोबा फक्त चिठ्ठी पाठवतात.

१२ जुलै, शनिवार
आजोबा स्वतःच वर आले. "आता नुसती ठकठक येते हो. आधी निदान ती काय वाजवतेय ते तरी कळायचं." जुनी इमारत, लाकडी जमीन. पट्ट्यांचा आणि पेडलचा ठोका थेट खाली जातो. हे मला मंगळवारीच सुचायला हवं होतं.

१४ जुलै
चाकांखाली जाड रबर घातलं. बराच फरक पडला, पण ठकठक पूर्ण गेली नाही. मुलगी हळूच विचारते, परीक्षा झाल्यावर पहिल्यासारखं होईल का? होईल म्हटलं, पण दांडी काढावी लागेल आणि अख्खा दिवस जाईल. पहिली पट्टी उपसून तिच्या कडेवर पेन्सिलने लिहिलं: आधी २.५, आता ५.