दादाचा पखवाज आणि बर्कलीची पोरे

आमच्या वसतिगृहात रात्री साडेदहाला दिवे मालवावेत असा नियम आहे आणि तो सगळे आनंदाने पाळतात, कारण अंधारात मोबाईल अधिक चांगला दिसतो. अशाच एका रात्री माझ्या खोलीतल्या मित्राने (हा पठ्ठ्या आपल्या अंकाच्या कन्नड विभागात कविता लिहितो) माझ्या कानात बळेच इअरफोन कोंबला आणि म्हणाला, "केळ ले, केळ!" पहिली दोन मिनिटे मला वाटले, आमच्या तलमडुगूच्या घराच्या पत्र्यावर गारा पडताहेत. मग हळूहळू त्या गारांच्या आत एक चाल आहे असे लक्षात आले. सरळ, साधी, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी. आमच्या गवळणीची असते तशी.

तलमडुगू कोठे आहे, हे वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. कापसाचा मुलूख. आमच्या भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतच झाले. आईचे माहेर अक्कलकोटकडचे, म्हणून कन्नड तिच्या मांडीवर शिकलो. तेलुगू मात्र बाजारापुरती. मामाच्या आधाराने सोलापुरात कॉमर्स शिकायला आलो, तो आज द्वितीय वर्ष संपत आले.

तर ते गाणे ग्रीन डे नावाच्या अमेरिकन मंडळींचे होते आणि अल्बमचे नाव 'डूकी'. या शब्दाचा अर्थ येथे लिहिला तर संपादक सर कात्री उचलतील. लहान मूल आईला जे सांगते तेच, एवढेच समजून घ्यावे. अशा नावाचा अल्बम जगात दोन कोटींच्या वर खपला, हे ऐकून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. एखाद्या मालाची विक्री इतकी का होते, हे शोधणे हा आमचा अभ्यासच.

शोधता शोधता जे सापडले ते निराळेच.

गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग. वडील ट्रक चालवत आणि जाझ वाजवत. तो दहा वर्षांचा असताना, १९८२ साली, ते कॅन्सरने गेले. आई हॉटेलात वाढपीण. माइक डर्न्ट हा शाळेपासूनचा सोबती, आणि ढोल बडवणारा ट्रे कूल. १९९३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा अल्बम मुद्रित झाला तेव्हा पहिले दोघे एकवीस वर्षांचे होते, आणि ट्रे कूल वीसच, म्हणजे बरोबर माझ्याएवढा. मी या वयात खतावणीची बेरीज जुळवू शकत नाही.

बर्कली शहरातल्या फँटसी स्टुडिओत सुमारे तीन आठवड्यांत काम उरकले. निर्माता रॉब कॅव्हॅलो. वाद्ये आणि गळे मिसळून पहिली प्रत तयार झाली, ती पोरांना आवडली नाही. पुन्हा सगळे मिसळायला घेतले. या वेळी जेरी फिन नावाचा माणूस जोडीला होता. आवाज कोरडा हवा, समोर बसून वाजवल्यासारखा हवा, हा त्यांचा हट्ट. 'वेलकम टू पॅराडाइज' हे गाणे आधीच्या 'करप्लंक' अल्बममध्ये येऊन गेले होते, ते पुन्हा नव्याने वाजवले. मुखपृष्ठाचे चित्र गावातल्याच ओळखीच्या रिची बूशरकडून काढून घेतले. त्यात बर्कलीचा टेलिग्राफ रस्ता आहे आणि वरून विमाने बॉम्ब टाकताहेत. १ फेब्रुवारी १९९४ ला अल्बम बाजारात आला. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या मेळाव्यात प्रेक्षकांनी त्यांच्यावर चिखल फेकला, त्यांनी तो परत फेकला, आणि त्या गडबडीत पहारेकऱ्याने डर्न्टलाच घुसखोर समजून आडवा केला; बिचाऱ्याचे दात मोडले. पुढल्या वर्षी ग्रॅमी मिळाले.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र दौऱ्याची. ट्रे कूलचे वडील ट्रकवाले. त्यांनी फिरत्या वाचनालयाची एक जुनी गाडी घेतली, आत झोपायची सोय केली आणि स्वतः चालवत पोरांना गावोगाव नेले. आमच्याकडे मुलगा गाण्याच्या मागे लागला तर बाप गाडीची किल्ली लपवतो.

आता मूळ गोष्ट. बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर ९२४ क्रमांकाच्या जागेत एक क्लब आहे. १९८६ च्या अखेरीस सुरू झाला, स्वयंसेवकच चालवतात. दारू नाही, मारामारी नाही, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्यांना तेव्हा मंचावर जागा नसे. ग्रीन डे तेथेच वाढले होते. पहिले दोन अल्बम त्यांनी लुकआउट या लहानशा कंपनीकडून काढले. १९९३ मध्ये त्यांनी रिप्राइज या बड्या कंपनीशी करार केला आणि ज्या दारात ते वाढले ते दार बंद झाले. कालचे सोबती म्हणू लागले, "विकले गेले." क्लबच्या भिंतीवर बिली जोच्या मरणाची इच्छा कोणी खरडून ठेवली. ते दुःख पुढे १९९५ च्या 'इन्सॉम्नियॅक'मध्ये एका गाण्यात उतरले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण आमच्या गावातही एक गिलमन आहे. विठोबाच्या देवळातले भजनी मंडळ. त्याचीही एक वही आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : भजनाचे मोल घेऊ नये. माझा चुलतभाऊ, सारे घर त्याला दादा म्हणते, मंडळाचा पखवाजी. हात असा, की सप्ताहात शेजारच्या गावची माणसे केवळ त्याच्यासाठी रात्र जागत. गळाही गोड. तीन वर्षांपूर्वी त्याने आदिलाबादला एका खोलीवजा स्टुडिओत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, सहा गाणी मुद्रित केली. तासाला चारशे रुपये भाडे. पैसे कापसाच्या पट्टीतून, काकूला न विचारता. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर त्याची घरघर गाण्यात येई. घामाने पखवाजाची वादी ढिली पडे आणि पुन्हा आवळण्यात वीस मिनिटे जात. ती वीस मिनिटेही भाड्यात धरलेली.

मग एका शहरातल्या कंपनीने पंधरा हजार देऊन ती गाणी घेतली. करारनामा इंग्रजीत. दादाने तो मोबाईलवर मला पाठवला. "तू कॉमर्सवाला, जरा पाहा." मी तेव्हा बारावीत होतो. मी आकडा पाहिला, 'भारी आहे' असे उत्तर पाठवले आणि क्रिकेट खेळायला गेलो. गाण्यांचे सर्व हक्क कायमचे कंपनीचे, पुढे दमडी मिळणार नाही, हे तिसऱ्या पानावर होते. ते पान मी गेल्या वर्षी उघडले. बड्या कंपन्याही कलावंताला आगाऊ रक्कम देतात आणि ती पुढे त्याच्या रॉयल्टीतून वळती करून घेतात, पण तेथे निदान रॉयल्टी नावाचे खाते तरी असते. दादाचे खाते उघडण्याआधीच बंद झाले होते.

कंपनीने गाण्यांखाली डीजेचा ठोका घातला. तो अभंग गणपतीच्या मिरवणुकीत वाजला, आणि आमच्या माळकऱ्यांचे पित्त खवळले. देवळात बैठक झाली. वही माझ्याकडे असे, कारण माझे अक्षर चांगले. एक आजोबा म्हणाले, "देव विकला यानं. नाव काढ." मी पट्टी ठेवून, लाल शाईने, अगदी सरळ रेघ मारली. दादा खांबाला टेकून उभा होता. काही बोलला नाही. चपला घालून निघून गेला. मला त्या वेळी आपण काही फार मोठे तत्त्व पाळले असे वाटले, हे येथे कबूल करतो.

गिलमनच्या पोरांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. सगळे जग बाजार झाल्यावर एखादी जागा बाजाराबाहेर राहावी, हे मला अजून पटते. देवळात तिकीट लावलेले मला चालणार नाही. पण खोडलेला माणूस त्यानंतर कोठे वाजवतो, हे विचारायला आमच्यातले कोणी गेले नाही. दादा आता लग्नसराईत साऊंड लावतो. पखवाज घरात खुंटीला.

ग्रीन डे मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येऊन गेले. आमच्या वसतिगृहातून तिघे सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेले आणि घसे बसवून परतले. माझ्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. मी त्या रात्री १७ मे २०१५ ची नोंद पुन्हा वाचली. त्या दिवशी ही मंडळी गिलमनच्या त्याच मंचावर वाजवायला परत गेली होती. आगीत नुकसान झालेल्या एका पुस्तक-प्रकाशनाच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. मध्ये एकवीस वर्षे गेली होती.

यंदा सप्ताहाच्या आदल्या दिवशी गावी गेलो. दादा अंगणात वायरी गुंडाळत होता. मी म्हणालो, "दादा, तो कागद मी तेव्हा वाचलाच नव्हता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "लगेच उत्तर आलं होतं तुझं."

"उद्या काकड्याला येतोस?"

"म्हाताऱ्यांना विचारलंस?"

"नाही."

त्याने उरलेली वायर गुंडाळली, गाठ मारली, ट्रॉलीत टाकली. मग घरात वळून ओरडला, "आई, मूठभर कणीक मळून ठेव गं. पखवाजाला लावायचीय."