कसे आलात?

पाहुणा दारात आला की यजमान विचारतो, "कसे आलात?" साऱ्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा अर्थ एकच: काय काम काढलेत? अलिबागेत मात्र तो निराळा आहे. तिथे "सहज आलो" किंवा "लग्नाचे आमंत्रण द्यायला आलो" असे उत्तर देऊन भागत नाही. "लाँचने" किंवा "एस.टी.ने" असेच सांगावे लागते. मग यजमान समजूतदारपणे मान हलवतो आणि तुम्ही दुसऱ्या वाटेने आला असता तर किती लवकर पोचला असता, हे पहिला चहा येईपर्यंत पटवून देतो.

यात त्याचा दोष नाही. दोष भूगोलाचा आहे. आकाश स्वच्छ असले की मुंबईच्या किनाऱ्यावरून समोर मांडव्याकडचे डोंगर दिसतात. पाण्यावरून सरळ गेले तर तासाभराची वाट. जमिनीवरून जायचे तर बंदराला आणि धरमतरच्या खाडीला वळसा घालून पनवेल, पेण, वडखळ करीत सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. म्हणून अलिबागला निघालेल्या प्रत्येक कुटुंबात आदल्या रात्री एक परिषद भरते आणि ती बहुधा भांडणात संपते.

आमच्या घरी अशी परिषद कधी भरलीच नाही. कारण आमची आई अलिबागची.

हे कोडे उलगडून सांगायला हवे. १७ जुलै १९४७ हा आषाढी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट रेवसला निघाली. मुंबईत पोटासाठी राहणारी माणसे सणाला घरी चालली होती. वाटेत पावसाने आणि वाऱ्याने गाठले, आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसे बुडाली. मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि हाताला लागली ती माणसे वर ओढली, असे तिकडे अजून सांगतात. त्या वर ओढलेल्यांत आईचे वडील नव्हते. आई तेव्हा सहा वर्षांची होती, मामा तीन वर्षांचा.

तेव्हापासून आईने लाँचमध्ये पाय ठेवला नाही. लग्न होऊन मुंबईला आली ती जमिनीवरून, आणि माहेरपणाला गेली तीही जमिनीवरून. तिला बस लागे. पनवेल सोडले की लिंबू हुंगत डोळे मिटून बसे. पण "लाँचने जाऊ या का?" असे तिला विचारायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मामा मात्र दर भाऊबीजेला लाँचनेच यायचा. धक्क्यावर उतरून दादरला आमच्या घरी पोचेपर्यंत आई खिडकीतून हलत नसे. ओवाळताना तबकातले निरांजन हाताबरोबर थरथरे, ते वाऱ्याने नव्हे.

गेल्या दिवाळीत मामाचे पत्र आले नाही, फोन आला. गुडघ्यांनी संप पुकारला होता. यंदा येणे नाही. आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "त्याला येता येत नसेल तर मी जाईन." चौऱ्याऐंशी वर्षांची आई, कंबर दुखरी, त्यात दिवाळीची गर्दी. अशा रीतीने आमच्या घरी पहिली परिषद भरली.

माझा पक्ष एस.टी.चा. लोकलने पनवेल गाठावे आणि तिथून अलिबागची विनाथांबा गाडी धरावी. कर्नाळ्याचा अंगठा डोळे भरून पाहावा. पेणला गणपतींचे कारखाने नजरेखालून घालावेत. वडखळच्या नाक्यावर गोव्याचा रस्ता डावीकडे जातो आणि आपण उजवीकडे वळतो, तिथे मनाने सुटी सुरू करावी. कार्लेखिंड ओलांडली की वारासुद्धा ओळखीचा वाटतो. माझे भाषण रंगात आले असताना सौभाग्यवतीने विचारले, "आणि वाटेत आईंना उतरायचं झालं तर?" विनाथांबा गाडी अशा प्रश्नाला उत्तर देत नाही.

चिरंजीवांचा पक्ष अटल सेतूचा. १२ जानेवारी २०२४ ला हा पूल सुरू झाला. शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत पावणेबावीस किलोमीटरची त्याची लांबी, त्यातले सोळा-साडेसोळा समुद्रावर. दुचाकी आणि रिक्षांना तिथे मज्जाव आहे, त्यामुळे मोटार सुसाट जाते. सगळे खरे. पण पूल संपला की पुन्हा पेण आणि वडखळ आहेच. सुटीच्या दिवशी सेतूने वाचवलेली घटका वडखळचा नाका व्याजासकट वसूल करतो. मोटारींच्या रांगेत पाच-पाच तास बसल्याची कहाणी शेजारच्या बिऱ्हाडातून ताजी ताजी ऐकली होती.

रेल्वेचे नाव निघाले, पण मोठी मौज अशी की रूळ पेणहून पुढे थळपर्यंत गेले आहेत. मात्र ते खताच्या कारखान्यासाठी. माणसांनी पेणलाच उतरायचे. खताला लाभलेले भाग्य अलिबागच्या उताराच्या नशिबी नाही. उरणची लोकल झाली ती सेतूबरोबर त्याच दिवशी. तिने उरण गाठून करंजाहून तरीने खाडी ओलांडून रेवसला उतरता येते. एकट्या तरुणाने एकदा करून पाहावा असा हा प्रवास आहे, पण फराळाचे डबे घेऊन नव्हे. एकंदरीत रुळांवरची गाडी अलिबागला मानवत नसावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मोजमाप बिघडेल, या धास्तीने १९०४ साली ते काम अलिबागला हलवले. ट्राम आल्या १९०७ साली आणि १९६४ साली गेल्याही. पण चुंबकसूई तिकडेच रमली. अलिबागला गेलेले माणूस सहसा परतत नाही, याचा आणखी कसला पुरावा हवा?

राहिल्या पाण्याच्या वाटा. त्या आईसमोर मोठ्याने बोलायच्या नाहीत, म्हणून सौभाग्यवतीने त्या कागदावर लिहिल्या. गेटवेहून मांडव्याची बोट सोयीची. तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस काही कंपन्या देतात. पावसाळ्यात ती बंद असते, पण दिवाळीत ती अडचण नाही. अडचण गेटवेच्या ओल्या पायऱ्यांची आणि हलत्या बोटीत पाय टाकण्याची. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळून माणसे गेली होती. त्या दिवशी आईने दूरदर्शन संच बंद करायला लावला होता.

दुसरी वाट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या जुन्या लाँचची, म्हणजे मामाची. तिचे खरे वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरात असते, कारण रेवसच्या गाळात ओहोटीला लाँच अडते. मामाचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. भाऊबीजेला दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, सकाळी साडेसातला ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण बेत फसत नाही. कुलाबा किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जायचे असेल तरी हाच हिशेब धरावा. ओहोटीच्या आधी निघून पाणी चढण्यापूर्वी परतावे. नाही तर होडीची वाट पाहत आंग्र्यांच्या पाहुणचारात राहावे लागते.

तिसरी वाट रो-रो बोटीची. मार्च २०२० पासून ती भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते. हवा बरी असेल तर पावसाळ्यातही चालते. मोटार सरळ बोटीच्या पोटात शिरते आणि पलीकडे तशीच बाहेर पडते. ना उडी, ना ओल्या पायऱ्या, ना डबे उचलणे. तासाभरात मांडवा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर.

आईने कागद कधी उचलला ते आम्हांला कळले नाही. चष्मा लावून तिने तो दोनदा वाचला. "पाच तास मला बसवणार नाही," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी ओवाळायला वेळेवर पोचलं पाहिजे. ही मोटारवाली बोट बघा." एवढे बोलून ती करंज्या तळायला गेली. परिषद बरखास्त झाली.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही धक्क्यावर होतो. मासळीचा वास, पाट्या, हाका, सगळे होते तसेच. आई मोटारीच्या काचेतून एकटक पाहत होती. बोटीवर वर गेल्यावर तिने पहिली चौकशी केली ती जीवरक्षक जाकिटांची. खलाशाने ती दाखवली. "सगळ्यांना पुरतील?" तिने विचारले. तो हसला नाही. "पुरतील, आजी," म्हणाला, आणि जाकीट कसे बांधायचे तेही दाखवले. त्या मुलाचे मला फार कौतुक वाटले.

बोट निघाली. आईने करंज्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. अर्धी वाट सरल्यावर तिने शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीला विचारले, "काशाचा खडक कुठं हो?" कोळणीने तिच्याकडे नीट पाहिले आणि काही न विचारता हात करून दिशा दाखवली. आईने हात जोडले. कोळणीनेही जोडले. मग आईने डबा उघडून तिला दोन करंज्या दिल्या, आणि दोघी पाण्याकडे बघत बसल्या.

मांडव्याचा धक्का दिसू लागला तेव्हा आईने विचारले, "किती वेळ झाला?"

"तास," मी म्हणालो.

"एवढंच अंतर होतं?"

मला उत्तर सुचले नाही. ती ज्या वळशाने अठ्ठ्याहत्तर वर्षे फिरली, त्याचे किलोमीटर कुणी मोजायचे?

चोंढीवरून नारळी-पोफळींच्या सावलीतून आम्ही अलिबागला पोचलो. मामा अंगणात काठी टेकून उभा होता. ताई येणार हे त्याला ठाऊक होते, पण ती नेहमीच्या वाटेनेच, रात्रीपर्यंत केव्हातरी, अशी त्याची कल्पना. घड्याळाकडे पाहत तो अलिबागच्या रीतीला अनुसरून म्हणाला, "ताई, कशी आलीस?"

"धक्क्यावरून," आई म्हणाली. "पाट मांडलास का?"

मामाने तोंड उघडले आणि मिटले. दुसरी वाट सुचवू न शकलेला अलिबागकर मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.