एक्सचेंजमध्ये गेलेली गाडी

शोरूममध्ये नव्या गाडीला हार घालतात, पेढे वाटतात, चावी हातात देतानाचा फोटो काढतात. त्याच वेळी आतल्या टेबलावर जुन्या गाडीचं आरसी बुक आणि दोन्ही चाव्या जमा होत असतात. एकाच दारात विकणं आणि घेणं उरकतं, म्हणून एक्सचेंज सगळ्यांना सोयीचं वाटतं. या सोयीची अडचण कळते ती नवी गाडी बिघडल्यावर. ती परत घ्या म्हणावं, तर जुनी एव्हाना एजंटामार्फत तिसऱ्याच गावी पोचलेली असते.

बिघाडाची सुरुवात बहुधा किरकोळ असते. गिअर टाकताना झटका बसतो, घाटात गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरमधला माणूस तक्रार ऐकून घेतो, जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहितो आणि संध्याकाळी ‘ट्रायल घेतली, ओके’ असा शेरा मारून गाडी परत देतो. असं चार वेळा झालं, तरी कागदावर बिघाड एकदाही झालेला नसतो. पुढे ग्राहक आयोगापुढे घोडं अडतं ते इथेच. म्हणून ‘तिसऱ्या गिअरला झटका बसतो’ हे आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय त्या कार्डावर सही करू नये.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जिल्हा आयोगाला भरपूर अधिकार देतो: दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, किंवा किंमत व्याजासह परत करा. मात्र किती दुरुस्त्या फसल्यावर गाडी परत करता येते, याचा आकडा त्यात नाही. २००६मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात वाद क्लचचा होता. वॉरंटी सदोष भाग बदलून देण्यापुरती आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. कंपन्यांचे वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

ब्रिटनने २०१५च्या कायद्यात हा हिशेब आकड्यांत मांडला. सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत थेट नाकारता येते. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी, आणि ती फसली की पुन्हा नाकारण्याचा हक्क; फक्त तेव्हा वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. बदल्यात दिलेल्या वस्तूचाही तिथे विचार आहे. तिच्यासारखी दुसरी देता येत नसेल, तर तीच वस्तू मूळ स्थितीत परत मिळाली पाहिजे. ती तशी देता येत नसेल, तर परताव्याचा हक्क तेवढ्यापुरता संपतो आणि नुकसानभरपाई मागावी लागते. म्हणजे तिथेही शेवटी प्रश्न येतो तो जुन्या गाडीची किंमत काय धरली होती, हाच.

आपल्याकडे याचं उत्तर अनपेक्षित जागी सापडतं. २०१७च्या जीएसटी नियमांतल्या २७व्या नियमात मोबाइलचं उदाहरण आहे. जुना फोन देऊन नवा २० हजारांना मिळाला, पण एक्सचेंजशिवाय तो २४ हजारांचा असेल, तर करासाठी त्याचं मूल्य २४ हजारच. जुनी वस्तू हीदेखील दिलेली किंमतच आहे, हे सरकार कर घेताना मानतं. मग परतावा देताना डीलरने फक्त चेकच्या रकमेवर बोट ठेवणं सरळसरळ अन्यायाचं आहे.

ही पळवाट बुकिंगच्या दिवशीच बुजवता येते. जुन्या गाडीची किंमत आणि एक्सचेंज बोनस हे दोन आकडे सेल्समन अनेकदा एकाच ओळीत ‘डिस्काउंट’ म्हणून दाखवतो. ते वेगळे लिहून घ्यावेत. गाडी ताब्यात दिल्याची नोंदही तितकीच महत्त्वाची. आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. १ एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलरकडे गाडी दिल्याची माहिती फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवली, की मालक म्हणून जबाबदारी त्या डीलरवर येते.

प्रकरण तक्रारीपर्यंत गेलंच, तर ती आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असली म्हणजे झालं. मुदत दोन वर्षांची. मागणीच्या रकमेत रोख, कर्ज आणि जुन्या गाडीचा ठरलेला आकडा, तिन्ही स्वतंत्र लिहावेत आणि सोबत सगळी जॉब कार्डं तारखेनुसार लावावीत.