रंगाखालचं आढं

मालवणात मेढ्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, फणसाचं आढं, समोर खळं आणि तिन्ही बाजूंनी पडवी. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार वादळ भर समुद्रातून ओमानच्या दिशेनं गेलं. ते किनाऱ्याला लागलं नाही, तरी उधाणाचं पाणी वर चढलं आणि घराचा विमा उतरवावा असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. त्या विम्याच्या कागदावर मी जे खोटं लिहिलं आणि तपासणीला आलेल्या माणसापासून जे झाकलं, ते आज उघड सांगतो आहे. आमच्या भागात अनेक घरांत हेच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, म्हणून सांगायला हवं.

घर जुनं असल्यामुळे कंपनीनं आधी पाहणीला माणूस पाठवायचं ठरवलं. मला ती पाहणी परीक्षेसारखी वाटली, कशीतरी पास व्हायची. घाईघाईनं भिंतींना चुना दिला. आढ्याला आणि दिसतील तेवढ्या वाशांना तपकिरी ऑइल पेंट मारायला सांगितला. आढ्यावरून वाळवीची मातीची वाट वर गेलेली होती, ती मला माहीत होती. सुतारानं टोच्या लावून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, ह्या आढा आतसून पोकळ झालाहा. रंग मारून काय उपयोग? टेको देवचो लागतलो." मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तो गप्प बसला आणि ब्रश घेऊन शिडीवर चढला.

पाहणीला आलेला तरुण नीट काम करणारा होता. वायरिंग किती जुनं, छप्पर शेवटचं कधी शाकारलं, गळती कुठे होते, लाकडाला कीड आहे का, असं सगळं त्यानं विचारलं. "माळ्यावर चढून बघता येईल का?" असंही विचारलं. शिडी शेजाऱ्यांकडे गेली आहे, असं मी सांगितलं. शिडी गोठ्याच्या मागे उभी होती. त्यानं खालूनच फोटो काढले आणि लाकूड चांगल्या स्थितीत असल्याची नोंद केली.

घरात कुटुंबाशिवाय कोण राहतं, या प्रश्नाला मी "कोणी नाही" असं उत्तर दिलं. प्रत्यक्षात बाजूच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देत होतो. सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली बघायला येणाऱ्यांची मे महिन्यात एवढी गर्दी असते की खोली रिकामी राहत नाही. निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली नव्हती, म्हणून ते कुठेच दाखवायचं नाही असं मनाशी ठरवलेलं. विम्याची रक्कमही हप्ता कमी यावा म्हणून मुद्दाम कमी लिहिली.

१६ मे २०२१च्या रविवारी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. मालवण-देवगड भागात झाडं, खांब, कौलं, होड्या यांची काय दशा झाली ते इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. वीज कितीतरी दिवस आली नाही. आमच्या परसातला माड पडवीवर आडवा झाला, आणि त्याच वाऱ्यात मधलं आढं मोडून बाजूच्या एका खोलीवर छप्पर आलं. टाळेबंदी होती म्हणून त्या खोलीत पाहुणे नव्हते. एरवी मेमध्ये तिथे माणसं झोपलेली असती. पैसे घेऊन ज्यांना झोपायला जागा देत होतो, त्यांच्या डोक्यावर काय आहे हे मला ठाऊक होतं. विम्याच्या पैशापेक्षा हा विचार मला जास्त छळतो, अजूनही.

नुकसान मोजायला परवानाधारक सर्व्हेअर आला. त्यानं मोडक्या आढ्याचा रंग खरवडला, आतली वाळवीची माती हातात घेतली, फोटो काढले. माडानं मोडलेल्या पडवीची भरपाई त्यानं मान्य केली. आढं मुळात कुजलेलं होतं म्हणून मोडलं, असं लिहून तिथे मोठी कपात केली. त्यावर सरासरीच्या अटीची कपात आली. घर पुन्हा बांधायला २० लाख लागणार आणि विमा १० लाखांचाच असेल, तर २ लाखांच्या नुकसानीचे १ लाखच मिळतात, अशी ही अट. महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकली असती. तिनं तसं केलं नाही.

सुरुवातीला मी गावभर कंपनीच्या नावानं ओरडत फिरलो. "पाहणीत लाकूड चांगलं आहे असं तुमच्याच माणसानं लिहिलंय," हे माझं सगळ्यात भक्कम उत्तर होतं. विमा लोकपालाकडे तक्रार करायला बसलो आणि तिथे अडलो. तक्रारीत आढं निरोगी होतं असं माझ्या सहीनं लिहावं लागणार होतं. ती तक्रार मी लिहिली नाही.

पाहणीचा अहवाल हा खरं तर मालकाचा साक्षीदार असतो. कुठलं लाकूड चांगलं, कुठलं बदललं, भिंतीला आधीची भेग कुठे, हे वादळाआधीच तारखेसह नोंदलेलं असेल तर नंतर कुणी म्हणू शकत नाही की हे जुनंच नुकसान आहे. माझ्या साक्षीदाराला मीच खोटं पढवलं. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या वादळी राज्यात जुन्या घराला विमा देण्याआधी कंपन्या छप्पर, वीज, नळ आणि वातानुकूलन या चार गोष्टींची तपासणी मागतात. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं करून घ्यावं लागतं. आमच्या कौलारू घरांना अशी सक्ती नाही, त्यामुळे विम्याचा माणूस येतो तीच बाहेरच्या डोळ्यानं घर बघण्याची एकमेव वेळ असते.

आता आढं बदललं आहे. वाशांची टोकं भिंतीवर टेकतात तिथे चिरा पाणी शोषतो आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं, म्हणून ती टोकं दरवर्षी टोचून बघतो. खाऱ्या वाऱ्यानं गंजलेलं पडवीतलं वायरिंग काढलं. पाहुण्यांच्या खोल्यांची नोंदणी केली आणि कंपनीला कळवली. हप्ता वाढला, तो भरतो.

घरांसाठी १ एप्रिल २०२१पासून भारत गृह रक्षा ही पॉलिसी आली आहे. घराचं क्षेत्रफळ आणि बाकीची माहिती खरी दिलेली असेल तर तिच्यात सरासरीची कपात होत नाही. माझी जुनी पॉलिसी त्या तारखेच्या आधी नूतनीकरण झालेली होती, म्हणून मला हा लाभ मिळाला नाही. पण वादळ-पाऊस नसताना कुजलेलं लाकूड आपल्या वजनानं खाली आलं, तर तीही पॉलिसी पैसे देत नाही.

कोकणात जुनं घर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मिरग लागायच्या आधी शाकारणीला माणसं येतात, तेव्हा सुताराला आढ्यापर्यंत चढवा, तो सांगेल ते लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. विम्याच्या प्रस्तावात कुजलेल्या वाशापासून भाड्यानं दिलेल्या खोलीपर्यंत जे आहे ते तसंच लिहा. पाहणीला माणूस आला की त्याला शिडी काढून द्या.