वेलीला धरून

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक प्रश्न हमखास ठरलेला असतो. 'काय मग, वीकेंडला काय केलंस?' कुणी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आलेलं असतं, कुणी मॉलमध्ये सिनेमा टाकलेला असतो. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच. रविवारी चर्चला गेले होते.

त्यावरचे पुढचे प्रश्नही आता मला तोंडपाठ झालेत. तुम्ही घरी इंग्लिशमध्ये बोलता का? (नाही हो! नाशिकची आहे मी. घरी मराठीतच बोलतो आणि मराठीतच भांडतो.) मूळचे गोव्याचे का? (नाही.) ख्रिसमसला केक आणशील ना? (आणीन. करंज्या आणि चकल्याही आणीन, आमच्याकडे नाताळला फराळ असतो.)

मध्यंतरी टीममधल्या एका मुलीनं मात्र वेगळाच प्रश्न टाकला. 'चर्च ठीक आहे गं. पण सोमवार ते शनिवार तुझा देव कुठे असतो?' चेष्टा नव्हती ती. तिच्या घरी आजीची रोजची पूजा, सणवार सगळं साग्रसंगीत चालतं. पण हिला आतून काहीच वाटेनासं झालं होतं, आणि ते कुणाशी बोलावं हेही कळत नव्हतं. मी काही सांगणार, तेवढ्यात क्लायंटच्या कॉलची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला. आता सवडीनं सांगते.

नाशिकला शरणपूर रोड नावाचा एक सदा गजबजलेला रस्ता आहे. कपड्यांची दुकानं, कॅफे, बँका, सिग्नलला गाड्यांची रांग. या रस्त्याचं नाव ज्या शरणपूरवरून पडलं, ती वसाहत मिशनरी लोकांनी 1854 मध्ये उभी केली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. माझं लहानपण त्याच बाजूला गेलं. रात्री जेवणं झाली की आई हाक मारायची आणि मग प्रार्थना. उपासना संगीतातलं एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग प्रत्येकानं आपल्या शब्दांत दोन वाक्यं. मी आणि माझा भाऊ ती दोन वाक्यं किती कमी शब्दांत संपवायची याची स्पर्धा लावायचो. आई डोळे मिटूनच म्हणायची, 'मला कळतंय हं सगळं.'

तेव्हा सर्वांत जास्त वेळा ऐकलेला उतारा म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. प्रसंग शेवटच्या भोजनाच्या रात्रीचा. काही तासांत येशूला पकडून नेणार आहेत आणि तो शिष्यांना काय सांगतोय, तर द्राक्षवेलीची गोष्ट. मी वेल, तुम्ही फाटे. वेलीपासून सुटलेल्या फाट्याला फळ धरत नाही. या अध्यायात एक क्रियापद सारखं येतं, 'राहणं'. मूळ ग्रीकमध्ये चौथ्या ते दहाव्या या सात वचनांत ते दहा वेळा आलंय. गंमत बघा, एवढ्या कठीण रात्री त्यानं शिष्यांना ना टार्गेट दिलं, ना चेकलिस्ट. माझ्यात राहा, एवढंच.

आता आम्ही पडलो नाशिककर. द्राक्षाच्या वेलीवर आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायची गरजच नाही. पप्पांचे एक मित्र निफाड तालुक्यात राहतात. आमच्यासाठी ते 'निफाडचे काका'. त्यांची चार एकर बाग आहे. देव मानतात, पण चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. तरी योहानाचा हा अध्याय मला खरा समजला तो काकांच्या बागेत.

काका सांगतात, बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एक एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी. दुसरी ऑक्टोबरच्या सुमारास, गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर वेलीवर घड दिसायला लागतात आणि साधारण जानेवारीपासून माल निघतो. ती सगळ्यांना आवडते. खरड छाटणी मात्र बघवत नाही. सगळ्या काड्या पार मागे कापतात, एकेका डोळ्यावर आणून ठेवतात. हिरवीगार बाग एका दिवसात वाळक्या खोडांची रांग होते. वर डोक्यावर एप्रिलचं ऊन. नवख्या माणसाला वाटावं, संपलं सगळं.

2021 च्या एप्रिलमध्ये आई गेली.

दुसऱ्या लाटेचे दिवस तुम्हालाही आठवत असतील. ईस्टर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बेड मिळायला दीड दिवस लागला आणि मिळाला तेव्हा उशीर झाला होता. जिनं आयुष्यभर प्रत्येकाच्या दुःखात डबा पोचवला, तिच्या दफनविधीला आम्ही पाच-सहा जण. पाळकसाहेब मास्कमधून बोलत होते. त्यांचा आवाज नीट ऐकूही येत नव्हता.

त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. म्हणजे मी रागानं सोडून दिली असं नाही. रात्री नऊ वाजता बसायचे, डोळे मिटायचे आणि आत काहीच नसायचं. ना शब्द, ना रडू, ना राग. आईसाठी आम्ही केवढी प्रार्थना केली होती! गावोगावच्या ग्रुपवर साखळी प्रार्थना चालू होती. तिचं काय झालं? लोक फोन करून म्हणायचे, 'देवाची योजना असेल.' चांगल्या मनानं म्हणायचे. पण फोन ठेवल्यावर मला श्वास घ्यायलाही जड जायचं. आजही मला त्या 'का?'चं उत्तर माहीत नाही. आई गेली ती माझं काहीतरी भलं व्हावं म्हणून, असं कुणी सांगितलं तर मी ते ऐकून घेणार नाही.

पण एक गोष्ट घडली. जूनमध्ये काका पप्पांना भेटायला आले. बोलता बोलता बागेचा विषय निघाला. मी सहज विचारलं, आता बागेत काय काम चाललंय? काका म्हणाले, 'आता घड तयार होतायत.' मला वाटलं, गंमत करतायत. जूनमध्ये कसले घड? तेव्हा त्यांनी समजावलं. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते. साधारण दीड-दोन महिन्यांनी त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार व्हायला लागतो. बाहेरून कळत नाही. ऑक्टोबरला कापता तेव्हा तो फक्त बाहेर येतो. 'त्या दिवसांत वेलीनं काय करायचं असतं?' मी विचारलं. काका हसले. 'तिनं काय करायचंय? मुळाला धरून राह्यचं. पाणी-खताचं आम्ही बघतो.'

याचा अर्थ लगेच सगळं छान झालं, असं अजिबात नाही. फक्त मी 'वाटलं पाहिजे' हा हट्ट सोडला. रात्री नऊला बसायचं मात्र सोडलं नाही. शब्द नसतील तर आईच्या उपासना संगीताचं पान उघडून नुसतं वाचायचे. स्तोत्रसंहितेत तक्रारींची स्तोत्रं केवढी आहेत, हे मला त्या वर्षी कळलं! देवाला सरळ जाब विचारणारी माणसं आहेत त्यात. आणि ती सगळी प्रार्थनाच्या पुस्तकात ठेवलेली आहेत, काढून टाकलेली नाहीत.

ऑक्टोबरमध्ये राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. पुण्यात मी गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात जाते. पंचहौद मिशनचं चर्च म्हणजे तेच. (हो, 1890 मध्ये ज्या चहामुळे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, तेच पंचहौद!) पहिल्या रविवारी माझ्या तोंडून गाणं फुटेना. शेजारच्या बाकावरच्या आजी मात्र खणखणीत गात होत्या, सुराची फारशी पर्वा न करता. मला वाटलं, आज माझ्या वाटचं या गातायत. चर्चला का जायचं, याचं एवढं साधं उत्तर मला कुठल्याच प्रवचनात मिळालं नव्हतं. आपला विश्वास कमी पडतो त्या दिवशी शेजारचं माणूस धरून ठेवतं.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी दौंडच्या गाडीत बसून केडगावला गेले. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. शाळेत रमाबाई आपल्याला दोन ओळींत शिकवतात, विदुषी आणि समाजसुधारक. त्यांचं आयुष्य नीट वाचलं की छातीत धस्स होतं. दुष्काळात आई-वडील गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे टीका झाली. तिकडच्या धर्मगुरूंनाही त्यांनी स्वतःची बुद्धी गहाण टाकून दिली नाही, प्रश्न विचारत राहिल्या. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना समजेल अशा भाषेत. ते काम चालू असतानाच 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

मुलगी गेल्यानंतर त्या टेबलाशी पुन्हा बसताना त्यांना काय वाटलं असेल? मला नाही सांगता येणार. पण 'राहणं' म्हणजे काय, हे तिथल्या आवारात फिरताना मला दिसलं.

मदर तेरेसांचंही तसंच. 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जग चक्रावलं. जवळपास अर्धशतक त्यांना देवाचं अस्तित्व आतून जाणवत नव्हतं. कोलकात्याच्या गल्ल्यांतलं काम आणि रोजची प्रार्थना मात्र शेवटपर्यंत चालू होती. काहींनी त्याला ढोंग म्हटलं. मला तर ते वाचून केवढं हायसं वाटलं! लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्याला विचारा. रोज पोटात फुलपाखरं उडतात म्हणून का ती एकत्र असतात?

बरं, आता त्या मैत्रिणीच्या सोमवार ते शनिवारकडे येऊ. माझं काही फार मोठं साधन नाही. सकाळी फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटं आणि शास्त्रातला एक छोटा उतारा. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की एकेका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना. (आपल्या ट्रॅफिकच्या कृपेनं माझी यादी बरीच लांब झालीये.) दिवाळीत आणि गणपतीत सपोर्टची ड्यूटी मी घेते, बदल्यात माझे रविवार बाकीचे सांभाळतात. टीममध्ये सगळे खूष.

कधी कधी मात्र किंमत मोजावी लागते. एका प्रोजेक्टवर, न केलेल्या कामाचे तास क्लायंटच्या बिलात टाकायला मला सांगितलं गेलं. 'सगळेच टाकतात' हेही वर सांगितलं गेलं. मी नाही टाकले. त्या वर्षी माझं रेटिंग घसरलं आणि ठरलेली ऑनसाइटची संधी दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन ढसाढसा रडले. येशू प्रत्यक्ष समोर आला नाही की कुठून आवाज आला नाही. पण रात्री नऊला बसले तेव्हा त्याच्यापासून काही लपवायचं नव्हतं. त्या मोकळेपणासाठी मी ती संधी पुन्हा सोडीन.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. तो असतो. मला जाणवतो तेव्हाही आणि जाणवत नाही तेव्हाही. माझं काम फक्त सुटून न जाण्याचं. तुझी वाट वेगळी असेल, तुझं तू शोध. पण वाटेनासं झालंय म्हणून लगेच सगळं उपटून टाकू नकोस. थोडं पाणी घालत राहा.

आणि हो, आमची रात्रीची प्रार्थना आता फोनवर होते. मी पुण्यात, भाऊ बंगळुरूत, पप्पा नाशकात. आई होती तेव्हा पप्पा कधी पुढाकार घ्यायचे नाहीत, शेवटचा 'आमेन' तेवढा मोठ्यानं म्हणायचे. आता गीत तेच निवडतात आणि इतक्या वरच्या पट्टीत सुरू करतात की दुसऱ्या कडव्याला तिघांचाही आवाज फाटतो. मग हसू येतं, थांबतो, आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू करतो.