गाडीची मूळ प्रत

एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न फळ्यावर लिहिते: मूळ प्रत म्हणजे कोणती? विद्यार्थी उत्साहाने सांगतात, लेखकाने स्वहस्ते लिहिली ती. मग मी विचारते, ती उपलब्ध नसेल तर? आणि उपलब्ध असूनही वाचकांनी शतकानुशतके दुसरीच वाचली असेल तर? तास संपतो, पण प्रश्न संपत नाही. हाच प्रश्न एके दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मला विचारला जाईल आणि उत्तरावाचून माझे काम अडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गाडी अण्णांची. प्रीमियर पद्मिनी, पहिली नोंदणी १९७५. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळ इटालियन फियाट ११०० डी. १९६४ पासून ती इथे होऊ लागली आणि पुढे तिला चित्तोडच्या राणीचे नाव मिळाले. नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. अण्णांनी ती १९८६ साली एका वकिलांकडून जुनी घेतली. फाउंड्रीतल्या फोरमनने मोटार घ्यावी हे आमच्या गल्लीत तेव्हा अप्रूपच होते. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी ती शेवटची चालवली. दोन वर्षांनी अण्णा गेले. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभीच राहिली.

धाकट्या भावाने एकदा पुण्याहून येऊन स्पष्टच सांगितले, "ताई, एक तर नीट कर, नाहीतर भंगारात दे. गंजत ठेवणं म्हणजे अण्णांना विसरणंच आहे." त्याच्या मनात एक आराखडा तयार होता. आतले इंजिन नवे, गिअर स्टिअरिंगजवळून खाली जमिनीवर, पुढे डिस्क ब्रेक, वातानुकूलन, आणि वर झळाळी नसलेला काळा रंग. बाहेरून जुनी, आतून आजची. माझा आराखडा नेमका उलटा होता. मला ती कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडली तशी हवी होती: तोच रंग, पुढचे सलग बैठे सीट, दरवाजाच्या पुढची फिरणारी तिकोनी काच, चाकांच्या चकचकीत टोप्या. आम्ही दोघेही अण्णांच्या नावानेच बोलत होतो. दोघांच्याही आराखड्यात अण्णा नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

भावाचा आराखडा आधी कायद्याशी अडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ घडणीत फेरफार करायला मनाई असल्याचे स्पष्ट केले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद करावी लागते. मला मनातून आनंद झाला. तो फार टिकला नाही, कारण माझ्याही आराखड्याची किंमत कायद्यातच लिहिलेली निघाली. केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. आमची गाडी आता बसत होती. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर निघते. म्हणजे मूळ रूपाचा मान हवा असेल तर मंडईत जायचे नाही. अण्णांनी तर या गाडीतून गुळाच्या ढेपा आणल्या होत्या.

मिस्त्री सत्तरीचे. पद्मिनी त्यांना पाठ. त्यांनी आधी खालचा पत्रा ठोकून पाहिला. या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी, त्यामुळे दाराखालचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच गेला, असे ते म्हणाले. आमच्या गाडीचा डावा पत्रा पोकळ झाला होता. तो कापून नवा जोडायचा, १०८९ सीसीचे इंजिन उघडायचे, कार्बोरेटर धुऊन बसवायचा, ब्रेकचे सगळे रबर बदलायचे, इथवर मतभेद नव्हता. सुटे भाग मुंबईहून मागवायचे ठरले. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. "टॅक्स्या मेल्या म्हणून आपली जगते बघा," मिस्त्री म्हणाले.

मग रंगाचे काम निघाले. अण्णांनी गाडीला मोरपंखी निळा रंग दिला होता, आईच्या आवडीचा. मी म्हणाले, हा काढा आणि खालचा कंपनीचा रंग शोधा. मिस्त्रींनी डिकीच्या झाकणाच्या आत पॉलिश पेपर फिरवला. निळ्याखाली हिरवा निघाला. मी म्हटले, हाच असणार. ते काही न बोलता घासत राहिले. हिरव्याखाली लांबीचा पांढरा थर, त्याखाली फिकट सायीसारखा रंग, आणि मग पत्रा. हिरवा वकिलांचा होता, म्हणजे आमच्याही आधीच्या मालकाने गाडी आपल्या मर्जीने रंगवली होती.

"मॅडम, आता सांगा," मिस्त्री म्हणाले, "कंपनीची करू, वकिलांची करू, का अण्णांची?"

माझ्या वर्गातला प्रश्न असा तीन रंगांत समोर उभा राहिला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. त्यांच्या आधीच्या तीनशे वर्षांत लोकांनी ती मिसळली होती, म्हणून तर शुद्धीची गरज पडली. पुढे राजवाड्यांनी १९०९ साली आपल्या मते एकनाथपूर्व असलेली पोथी छापली आणि शुद्ध कोणती हा वाद नव्याने सुरू झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ इतकी वर्षे खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तेच महाभारत म्हणून ऐकले होते.

मोटारींच्या बाबतीत तर 'मूळ' हा शब्द आणखी निसरडा आहे. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते तेव्हा आम्ही गर्दी करून पाहतो. त्या काळच्या बड्या गाड्यांची रीत अशी की कारखाना चासी आणि इंजिन देई. वरचा साज मालकाच्या इच्छेप्रमाणे वेगळे कारागीर चढवीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइसच्या गाड्याही अशाच विकल्या जात. म्हणजे आज ज्याला आपण मूळ रूप म्हणून हात लावायला कचरतो, ते एका मालकाच्या हौसेनेच घडलेले असते. राजाची हौस इतिहास ठरते आणि फोरमनची हौस मात्र खरवडून काढायची, हे मला पटेना.

निळा रंग ठेवायचे ठरले. डिकीच्या झाकणाच्या आतली ती वीतभर तीनरंगी पट्टी मिस्त्रींनी न रंगवता तशीच ठेवली. माझ्या दृष्टीने ती आमच्या आवृत्तीची तळटीप आहे. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी अण्णांनी पुढे बसवलेला लाकडी पाट ठेवला. भावाचा एक मुद्दा मात्र मला नाकारता येईना. "मागे माझी मुलगी बसणार आहे," तो म्हणाला, "१९७५ सालच्या लोकांनी पट्टे लावले नाहीत म्हणून तिनेही लावायचे नाहीत का?" पत्र्याला आतून जाड पट्ट्या जोडून सीटबेल्ट बसवले. व्हिंटेजचा मान सोडला. दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी वापरात ठेवायची, असे ठरले.

राहिली गिअरची मूठ. अण्णांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे फाउंड्रीत गेली होती. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असतो. कंपनीची छोटी गुळगुळीत मूठ त्यांच्या तीन बोटांत ठरेना, तेव्हा त्यांनी शिसवीचा तुकडा लेथवर धरून एक मोठी मूठ घडवली होती: एका बाजूने चपटी, अंगठ्यासाठी खाच असलेली. मिस्त्रींनी मुंबईहून कंपनीची मूठही आणली होती. मी ती डब्यातून काढलीसुद्धा नाही. सगळी गाडी बदलली तरी चालेल, ही मूठ राहील, असे मी जाहीर केले. भावाचेही डोळे भरून आले.

पहिल्याच रविवारी आम्ही पन्हाळ्याला निघालो. घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना मूठ माझ्या तळव्यात फिरली. पाच बोटांच्या हाताला ती खाच चुकीच्या जागी येत होती. गिअर पडलाच नाही आणि गाडी मागे सरकू लागली. मागून एसटी येत होती. पायाचा ब्रेक, मग हातब्रेक, आणि गाडी थांबली. पुतणी मागून शांतपणे म्हणाली, "आत्या, तुला येत नाही का?" भाऊ काही बोलला नाही. खाली उतरून आम्ही कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो.

त्या कठड्यावर मला कळले की मी मूठ जपत होते आणि मूठ घडवणारा माणूस विसरले होते. अण्णांनी कंपनीची मूठ काढून टाकताना क्षणाचाही विचार केला नसेल. हात जसा, तशी मूठ, एवढेच त्यांचे शास्त्र होते. आज ते असते तर माझी धडपड पाहून त्यांनी आपलीच मूठ पिळून काढली असती आणि म्हणाले असते, "आण इकडं, तुझ्या मापाची करून देतो." इंजिन, पत्रा, चाके यांच्या बाबतीत कारखान्याचे ऐकावे, कारण ते जाणत्यांनी विचार करून केले आहे. पण जिथे गाडीला माणसाचा हात लागतो, तिथे मूळ प्रतीचा आग्रह मलाच घातक ठरला होता. कंपनीच्या मुठीने माझे काम भागले असते, हेही खरे. तरीही ती लावावीशी वाटली नाही. अण्णांच्या जागी कारखान्याची मूठ बसवायला मन धजेना.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी उद्यमनगरात गेले. अण्णांची मूठ आता डॅशबोर्डच्या कप्प्यात, मऊ कापडात गुंडाळून ठेवली आहे. लेथवर अण्णांच्या हाताखाली शिकलेला एक कारागीर अजून काम करतो. त्याच्यापुढे मी शिसवीचा तुकडा ठेवला आणि कंपनीच्या मुठीचे माप सांगू लागले. त्याने ते ऐकले नाही. हात पुसून तो म्हणाला, "माप राहू द्या, बाई. हात बघू तुमचा."