पालकाची सही

शिष्यवृत्तीचा फॉर्म बनवणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक विद्यार्थी असतो. वय अठरा, मिसरूड नुकतंच फुटलेलं आणि पाठीशी वडील. वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं उत्पन्न, वडिलांची सही! विद्यार्थ्याचे केस पिकलेले असतील आणि वडील हार घालून भिंतीवर असतील, हे फॉर्मच्या गावीही नसतं.

आमच्या शाखेत चहा देणाऱ्या मावशींचं सासर जुन्नर तालुक्यात, माहेर आंबेगावात. माहेर डिंभे धरणात गेलं; शाळा त्याआधीच सातवीला सुटली. पण नाशिकला १९८९ साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं एक दार किलकिलं ठेवलं होतं. अठरा वर्षं पूर्ण आणि लिहिता-वाचता येतं, एवढ्या भांडवलावर पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करायचा आणि थेट बी. ए. ला बसायचं. काही वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी, मावशी पूर्वतयारी पास झाल्या. पेढे वाटून झाल्यावर माझ्या काउंटरशी आल्या.

"सायेब, आता कालेजाला पैसं कुठनं मिळत्यात?"

कर्ज देणं हा तर आमचा धंदाच! शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ साली आली. चार लाखांपर्यंत तारण नको, फक्त पालक सहकर्जदार हवा. विवाहित असेल तर नवरा किंवा सासू-सासरे चालतात. मावशींचा नवरा वारलेला, सासरे त्याच्याही आधी. उरल्या सासूबाई.

"सही येते त्यांना?"

"अंगठा हाय की."

"सून कॉलेजात जाते म्हटल्यावर देतील?"

"मग अंगठाबी न्हाई."

पुण्याच्या एका न्यासाला अर्ज केला. उत्तर आलं, वयोमर्यादा पंचवीस. मुलगा असल्यास त्याचा अर्ज पाठवावा. मुलगा नारायणगावला टोमॅटोच्या गाडीवर. "त्याला शिकायचंच न्हाई," मावशी म्हणाल्या, "अन् पैसं त्यालाच!"

मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. बी. कॉम. झालेल्या माणसाला तेवढंच येतं. फी अगदीच बेताची निघाली. पण वर्ग रविवारी, आणि रविवारी मावशी टोमॅटो निवडायला जायच्या. म्हणजे रोज बुडाला. वर एसटीचं भाडं, शेळ्यांकडे बघणाऱ्या शेजारणीला चहापत्ती. शिष्यवृत्त्या मात्र फीपाशी थांबतात. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. रोज म्हणजे काय, हे त्यांना फॉर्म न छापता कळलं होतं. मुंबईच्या रात्रशाळांत २००८ पासून काम करणारी 'मासूम' संस्थाही वह्या-पुस्तकांबरोबर खायला देते. कामावरून थेट वर्गात आलेल्याच्या पोटात काय असतं, याची चौकशी कुणीतरी केली म्हणायची!

शेवटी आम्हीच शाखेत एक न्यास काढला. नाव नाही, नोंदणी नाही. बिस्किटांचा रिकामा डबा. पगाराच्या दिवशी प्रत्येकानं त्यात काहीतरी टाकायचं आणि त्यातून मावशींचे रविवार भागवायचे. फी मात्र त्यांनी घेऊ दिली नाही. "ती माझी मी भरीन," म्हणाल्या. पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात त्यांना माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. माझे मार्क त्यांना कुणी सांगितले, याचा तपास लागला नाही.

दुसऱ्या वर्षी आणखी एका न्यासाचा फॉर्म आला. वयाची अट नव्हती, पण 'पालकाची सही' होतीच. मावशींनी गाडीवरून लेकाला बोलावून घेतलं, हात धुवायला लावले आणि पेन दिलं. त्यानं सही ठोकली. मावशींनी कागद लांब धरून पाहिला.

"आरं, अक्षर तरी जरा बरं काढ!"